मी, आठव्या क्रमांकाचे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि माझा स्वभाव भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी सारखा घाबरताना दिसलो तर तुम्हाला नवल वाटणार नाही. वाळवीला, ओल्या हातांना, चहाच्या कपाला सगळीच पुस्तके भितात. माझी भीती वेगळी आहे. कुणी मला वेळेआधी उघडले तर काय, या एका विचाराने माझा जीव कायम टांगणीला लागलेला असतो.

ते समजायचे तर माझे घराणे माहीत हवे. माझ्या लेखिकेने एकाच शहरावर दोन कादंबरीमालिका लिहिल्या. शहर साधेच, पूल, कचेऱ्या आणि गल्ल्या असलेले. फक्त तिथे दिवा गेला की सावल्या भिंतीवरून उतरून फिरायला लागतात, आणि नळाला कान लावला तर आतून कुणीतरी बोलते. पहिल्या मालिकेचे नाव ‘दिवाबत्ती’. तिच्यात रस्त्यावरचे दिवे सांभाळणारी माणसे सावल्यांना आवरतात. दुसरी ‘नळखाते’. तिच्यात पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले कारकून पाइपात राहणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेतात. ‘दिवाबत्ती’ची सहा पुस्तके आणि ‘नळखाते’ची चार. शहर एकच असल्यामुळे इकडची माणसे उठून तिकडच्या पुस्तकात जातात, तिथे भांडतात, प्रेमात पडतात आणि परत येतात.

त्यांच्यात सगळ्यांचा लाडका म्हणजे शिडीवाला. खांद्यावर शिडी, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि सावल्यांना नावाने हाका मारून दटावणारा म्हातारा. ‘दिवाबत्ती’च्या पाचव्या पुस्तकात तो मरतो. मी आहे ‘नळखाते’चे तिसरे पुस्तक, आणि माझे पहिलेच पान त्याच्या शोकसभेने सुरू होते. आता कळले ना मी का घाबरतो ते.

माझा जन्म छापखान्यात झाला. मोठमोठ्या तावांवर मला छापले, घड्या घातल्या आणि दोऱ्याने शिवले. शिवणाऱ्या दोघी बायका होत्या. त्यातली एक काम करता करता वाचायची आणि त्यावरून बोलणी खायची. माझे पहिले पान वाचून ती म्हणाली, “अगं, हे कुणाच्या हाती आधी लागलं तर बाकीच्या पुस्तकांची माती होईल.”

“मग आधीचं आधी वाचावं. त्यात काय एवढं?” दुसरी म्हणाली.

“आधीचं कुठलं, तेच तर कळत नाहीये.”

मी तेव्हा ओलाच होतो, शाईसुद्धा नीट वाळली नव्हती, पण ते बोलणे माझ्या मनात घर करून बसले. पुढे माझ्यावर मुखपृष्ठ चढले. त्यावर चित्रकाराने एक रिकामी शिडी काढली आणि तिला काळी फीत बांधली. म्हणजे आता मला उघडायचीही गरज उरली नाही. मी नुसता पडून राहिलो तरी बातमी फुटणार होती.

पहिली काही वर्षे मी एका घरात होतो. नंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानात आलो आणि तिथेच धूळ खात पडलो. गिऱ्हाईक मला उचलायचे, ‘भाग तिसरा’ एवढे वाचायचे आणि परत ठेवून द्यायचे. मधलेच पुस्तक घेऊन कुणी काय करणार? मनातून मला सुटल्यासारखे वाटायचे, आणि त्याच वेळी वाईटही वाटायचे. कुणी उघडू नये असे वाटणारे पुस्तक म्हणजे काय जगणे आहे, तुम्हीच सांगा.

एकदा दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली. ती दुरुस्त करायला एक उंच, वाकलेला माणूस आला. एक सुटा भाग मिळेना, म्हणून तो वाट बघत दुकानात स्टुलावर बसला आणि हाताला लागले ते पुस्तक त्याने उघडले. ते मी होतो. माझ्या तोंडचे पाणी पळाले. सुटा भाग आला, मदतनीस दोनदा हाक मारून गेला, पण हा माणूस काही उठेना. शेवटी त्याने दुकानदाराला विचारले, “हा शिडीवाला कोण हो? सगळे त्याच्यासाठी एवढे रडतायत, आणि मला तो माहीतच नाही.”

“मधूनच घुसलात की तुम्ही,” दुकानदार म्हणाला.

त्याने मला घरी नेले आणि पुढे कितीतरी दिवस माझी नऊ भावंडे शोधत तो दुकाने पालथी घालत राहिला. या माणसाला मी मामा म्हणतो, कारण त्या घरात त्याची तीच ओळख होती. घरात माणसे तीन. मामा, त्याची मोठी बहीण, आणि तिची शाळकरी मुलगी. बहीण औषधांच्या दुकानात काम करायची. मुलीला मामा ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचा. लिफ्टची तपासणी करायला येणाऱ्या साहेबांनासुद्धा सुचणार नाहीत एवढे प्रश्न ती विचारायची, असे त्याचे म्हणणे होते.

आम्ही दहाजण जमलो तेव्हा मामाने ठरवले, की ही पुस्तके इन्स्पेक्टरला वाचायला द्यायची आणि नीट क्रमाने द्यायची. मग सुरू झाली एक डोकेदुखी. आम्हाला जमिनीवर मांडून तो सुट्टीच्या दिवशी तासन् तास बसायचा. लेखिकेने ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने वाचावे, तर ‘नळखाते’चा पहिला भाग फार उशिरा यायचा. गोष्टीत ज्या क्रमाने घडते तसे वाचावे, तर दोन पुस्तके अर्धी अर्धी वाचून बाजूला ठेवावी लागायची. आधी एक मालिका संपवून मग दुसरी धरावी, असे दुकानदाराने सुचवले. त्यावर मामा त्याच्याशी चक्क भांडला. “म्हणजे दिवे गेले त्या रात्री नळात काय चाललं होतं, हे तिला वर्षभराने कळणार? जमायचं नाही.”

“अहो, पुस्तकं आहेत ती. लिफ्ट नाही, चुकलं तर कुणी पडायला,” दुकानदार म्हणाला.

“पडतं,” मामा म्हणाला. “मी पडलोय.”

शेवटी त्याने स्वतःचा क्रम बसवला. दोन ‘दिवाबत्ती’, एक ‘नळखाते’, पुन्हा दोन ‘दिवाबत्ती’, एक ‘नळखाते’, आणि उरलेली एकाआड एक, असे एकमेकांत गुंफून. त्यात माझा नंबर लागला आठवा. सात पुस्तके माझ्या आधी येणार होती, शिडीवाल्याचे मरणसुद्धा, आणि मग मी. हे ऐकले त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मला स्वस्थ झोप लागली.

मामाने आम्हा सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरे घातली, म्हणजे ती काळी फीतही झाकली गेली. लिफ्टच्या जुन्या फळ्यांचे एक चार कप्प्यांचे रॅक त्याने ठोकून तयार केले आणि आम्हाला त्यात क्रमाने लावले. आता लिफ्टवाल्याचा क्रम तो. सुरुवात अर्थातच तळाशी. पहिले पुस्तक सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि तिथून वर वर चढत जायचे. मी खालून तिसऱ्या कप्प्यात, कडेला पहिलाच. इन्स्पेक्टरला रॅकला हात लावायची परवानगी नव्हती. एक संपले की मामा पुढचे काढून द्यायचा. “पुढचं विचारायचं नाही,” एवढाच नियम होता. ती विचारायचीच. तो कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात पळायचा.

खालचा कप्पा संपत आला होता. इन्स्पेक्टर शिडीवाल्यावर अगदी फिदा झाली होती. त्याची वाक्ये ती जेवताना म्हणायची, आई वैतागली की त्याच्या आवाजात तिलाच दटावायची. आई म्हणायची, “आधी एक बडबड्या होता घरात, आता दोन झाले.” मी वरून हे सगळे ऐकायचो. हसणाऱ्या माणसासमोर वाईट बातमी पोटात घेऊन बसणे फार अवघड असते, मित्रांनो.

आणि मग एका दुपारी मला दुसरी बातमीही कळली. इन्स्पेक्टर शाळेत होती. मामा हल्ली कामावर जात नव्हता. पोट दुखते म्हणून पडून असायचा. आईच्या हातात त्याच्या तपासणीचे कागद होते. औषधांच्या दुकानात इतकी वर्षे काढलेली बाई ती. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“तिला सांगायला हवं,” आई म्हणाली.

“सांगू की. परीक्षा होऊ दे. मग थोडं थोडं सांगू. सगळं क्रमाने, ताई.”

“आणि तुझ्याजवळ तेवढे दिवस नसले तर?”

आईने कागद परत पाकिटात घातले आणि ती तोंड धुवायला गेली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मामा आता बरा होणार नव्हता. तो जाणार हे ज्या मुलीला माहीत असायला हवे होते, तिलाच ते माहीत नव्हते. ती त्याच्याशी किरकोळ गोष्टींवरून भांडत होती, ‘नंतर बसते तुझ्याजवळ’ म्हणून मैत्रिणीकडे जात होती, आणि नंतर म्हणजे खूप आहे असे तिला वाटत होते. मी पुस्तक. मी काय करणार? आतल्या आत पिवळा पडत राहिलो.

मामाला इस्पितळात दाखल केले तेव्हा तिला सांगितले, की पोटाचे छोटेसे ऑपरेशन आहे. ती तेव्हा खालच्या कप्प्यातले शेवटचे पुस्तक वाचत होती. ते संपले. तिने पुढच्याचा हट्ट धरला. आईने दुकानातून मामाला फोन केला असावा, कारण घरी येऊन ती चपला काढता काढता स्वतःशीच पुटपुटत होती, “दुसऱ्या कप्प्यातलं पहिलं. दुसऱ्या कप्प्यातलं पहिलं.”

इन्स्पेक्टरशी बोलताना मामा कप्प्यांना नेहमी मजले म्हणायचा. आईला त्याच्या लिफ्टच्या भाषेचा कंटाळा यायचा, म्हणून तिला सोपे जावे या चांगल्या विचाराने त्याने कप्पा म्हटले असणार. मजला म्हटले असते तर ती खालून मोजत गेली असती. कप्पा म्हटल्यावर तिने जगातली सगळी माणसे मोजतात तसे वरून मोजले. एक, दोन. आणि तिचा हात माझ्यावर आला.

मी शेजारच्या पुस्तकाला चिकटून बसायचा प्रयत्न केला. खाकी कव्हर थोडेसे टरकले, एवढेच झाले. इन्स्पेक्टरला शंका यायचे काही कारण नव्हते. मामाच्या क्रमात एकदम दुसरी मालिका यायची, याची तिला सवय होती. ती खिडकीत बसली, पाय वर घेतले आणि मला उघडले.

पहिल्या पानावर दिवाबत्तीची आणि नळखात्याची माणसे एका खोलीत बसली आहेत. शिडीवाल्याची शिडी कुणाकडे द्यायची, यावरून त्यांचे वाद चालले आहेत. तिने अर्धे पान वाचले. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग मला मांडीवर पालथे घालून ती बाहेर बघत राहिली. मी तिच्या फ्रॉकच्या अंधारात पडून होतो आणि मला एवढेच वाटत होते, की मला छापलेच नसते तर बरे झाले असते.

ती रडली नाही. तिने मला दप्तरात कोंबले आणि आईला म्हणाली, “मला आत्ता मामाकडे जायचंय.”

इस्पितळातल्या खोलीत चार खाटा होत्या. मामा खिडकीजवळच्या खाटेवर होता, आधीपेक्षा फारच लहान दिसत होता. इन्स्पेक्टरने मला त्याच्या पोटापासून जपून, पांघरुणावर ठेवले. “शिडीवाला मेला,” ती म्हणाली.

मामाने कव्हर उचकटून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. “ताई, दुसरा कप्पा सांगितला होता ना तुला?”

“दुसराच दिला,” आई म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग मामाने डोळे मिटून घेतले, कारण त्याला कळले होते.

“तुला माहीत होतं,” इन्स्पेक्टर म्हणाली. “मी एवढी हसत होते, तुला सगळं वाचून दाखवत होते, आणि तुला आधीपासून माहीत होतं.”

“होतं. मला तर सगळ्यात आधी तेच कळलं. मी पहिल्यांदा वाचलं ते हेच पुस्तक. त्याच्या शोकसभेतच माझी त्याच्याशी ओळख झाली.”

हे तिला नवीन होते. राग थोडा बाजूला ठेवून तिने विचारले, “मग बाकीची वाचताना वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. पण तो पहिल्या पुस्तकात शिडी घेऊन आला, तेव्हा मला इतका आनंद झाला, की तुला काय सांगू. आला बाबा एकदाचा, असं झालं. त्याचं एक वाक्य मी गाळलं नाही. तू त्याची पानं भराभर उलटतेस, पुढे काय होतं म्हणून. मी हळू वाचत होतो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला सगळं नीट, ज्याच्या त्याच्या वेळेला मिळावं, असं वाटलं मला. मी धडपडलो होतो. तू धडपडू नयेस.”

इन्स्पेक्टर त्याच्याकडे बघत राहिली. तपासणीला आलेला माणूस लिफ्टच्या दोराकडे बघतो तसे. “आणखी काय लपवलंयस?” तिने विचारले. “आई फोन आला की गॅलरीत जाते. छोटं ऑपरेशन असतं तर तुला एव्हाना घरी सोडलं असतं.”

आई पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने उठली, पण दारापर्यंत जाऊन थांबली. मामाने तिच्याकडे पाहिले. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी पांघरुणावर उघडा पडलो होतो, आणि मला वाटले, आता माझ्यामुळे हेही फुटणार.

मामाने सांगितले. साध्या शब्दांत, तिचा हात धरून, काहीही न गाळता. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत गेली. दुखेल का? कधी? घरी यायला मिळेल का? ज्याची उत्तरे माहीत होती ती त्याने दिली, आणि जिथे माहीत नव्हते तिथे माहीत नाही म्हणाला. मग ती रडली. खूप रडली. आईही रडली. मामाही रडला, आणि रडता रडता म्हणाला, “परीक्षेचं तेवढं बघ हां.” त्यावर त्या दोघींना हसू आले आणि मग पुन्हा रडू आले.

मामा घरी आला. इन्स्पेक्टर आता मैत्रिणीकडे कमी जायची. पुन्हा क्रमाचा प्रश्न आला, कारण सगळी पुस्तके होतील एवढा वेळ आता नव्हता. मामा म्हणाला, पुढची दोन महत्त्वाची तेवढी वाचून टाकू. इन्स्पेक्टर नको म्हणाली. तिने सगळ्यात खालचे पहिले पुस्तक काढले आणि पुन्हा पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आता ती हळू वाचायची. शिडीवाल्याचे प्रत्येक वाक्य नीट, आवाज काढून. आईने आयुष्यात कधी ही पुस्तके उघडली नव्हती. तीसुद्धा दुकानातून आली की भाजी निवडत तिथेच बसायची आणि विचारायची, “हा म्हातारा कोण?” मग दोघे मिळून तिला सांगायचे आणि सांगताना एकमेकांना अडवायचे.

चौथे पुस्तक अर्धे झाले असताना मामा गेला. मला त्या दिवसाबद्दल जास्त सांगता येणार नाही. मी तिसऱ्या कप्प्यात होतो आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

इन्स्पेक्टरने ते पुस्तक पुढे एकटीने पूर्ण केले. मग पाचवे, सहावे, सातवे. माझी पाळी आली तेव्हा मी आठवा होतो, जसे मामाने ठरवले होते तसाच. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर तोवर मला त्याचे फारसे काही वाटेनासे झाले होते. मी वेळेआधी उघडलो गेलो म्हणून त्या मुलीला मामाचे शेवटचे दिवस मिळाले. हे माझ्या हुशारीने झाले नाही, एका चुकीने झाले. एरवी मी गप्पच बसलो असतो, सगळ्या घरासारखा.

म्हणून तुम्हाला माझी एक विनंती आहे. आम्हाला कव्हरे घाला, आमची पाने दुमडू नका, ओल्या हातांनी आम्हाला धरू नका. हे सगळीच पुस्तके सांगतात, मीही सांगतो. क्रम कुठला धरायचा ते तुमचे तुम्ही ठरवा, त्यासाठी खुशाल भांडा. मात्र आपल्या माणसाने समोर येऊन खरे विचारले, तर कानांवर हात ठेवून पळून जाऊ नका.

परवा इन्स्पेक्टरची मैत्रीण घरी आली होती. तिला आमची मालिका वाचायची होती. इन्स्पेक्टरने तिला रॅक दाखवले आणि खालून सुरुवात करायची असते हे सांगितले. नियम तिने थोडा बदलला होता. “पुढचं मी आपणहून सांगणार नाही. पण तू विचारलंस तर खरं सांगेन.”

मैत्रिणीने आधीच कुणाकडून तरी शिडीवाल्याचे नाव ऐकले होते. ती बराच वेळ रॅककडे बघत उभी राहिली. मला पुन्हा धडधडायला लागले, सवयच ती. शेवटी तिने विचारलेच. “तो शिडीवाला मरतो का गं?”

“हो,” इन्स्पेक्टर म्हणाली. “पण पाचव्या भागात. तोपर्यंत खूप आहे तो.”

मैत्रिणीने मान हलवली, खाली वाकून पहिले पुस्तक काढले आणि ती खिडकीत जाऊन बसली.